तीन विटा

"कुंदाताई, तुमची गिरणी, खानावळ आणि दिरांची बेकरी, सगळं एकाच कंपनीत घ्यायचं?" सीएंनी कागद पुढे सरकवले.

"घ्यायचंच! घरचं घरात," दीर चटकन म्हणाला. त्याची बेकरी डबघाईला आली होती.

"एक धंदा बुडाला तर?" कुंदाने विचारलं.

"बाकीचेही गोत्यात येतील."

कुंदाला नवऱ्याचा तेरावा आठवला. पाहुणे पांगायच्या आत याच दिराने परसात तीन विटा मांडून दिल्या होत्या. "वहिनी, आजपासून तुमची चूल वेगळी." त्याच विटांवर रांधून तिने खानावळ उभी केली.

"गिरणी आणि खानावळ एका कंपनीत घाला," ती म्हणाली.

"आणि माझी बेकरी?" दिराचा चेहरा उतरला.

"त्या विटा जपून ठेवल्यात, भाऊजी. संध्याकाळी पाठवून देते."