शेवटच्या दाढेनंतर

दंतवैद्यांनी आपल्या दिवंगत संगीतशिक्षकांसाठी चौदा मिनिटांची शोकरचना बांधली होती. रविवारी शोकसभेत ती वाजवायची होती; त्याआधी कुणीतरी प्रामाणिकपणे चुका दाखवाव्यात, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून पेशंट खुर्चीत आडवा झाला की ते रेकॉर्डिंग सुरू करत आणि हातातलं यंत्र दाढेपाशी नेऊन विचारत, "कशी वाटतेय? अगदी मोकळेपणानं सांगा हं."

पंधरा दिवसांत एकालाही खोट सापडली नाही. तोंडात नळी असलेल्यांनीसुद्धा अंगठा वर करून दाद दिली. शेजारच्या आजींनी तर तीन खेपांना तीन दाढा दिल्या आणि तिन्ही वेळा "अप्रतिम!" म्हणाल्या.

आज आजींची शेवटची दाढ निघाली. त्या खुर्चीतून उतरल्या, चपला पायांत सरकवल्या, दाराबाहेर गेल्या आणि मग गालातला कापूस काढला.

"अरे डॉक्टर, आता माझं तुझ्यावाचून काही अडत नाही, म्हणून सांगते. माणूस गेला ना? मग त्याला जाऊ दे की! तू बिचाऱ्याला चौदा मिनिटं दारातच धरून ठेवतोस. अर्धी कापून टाक."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची रचना ऐकली होती. त्यांनी पेन्सिल उचलली आणि वहीतली शेवटची सात मिनिटं खोडायला घेतली.

तेवढ्यात दाराबाहेर आजींचं बोलणं ऐकत बसलेला पुढचा पेशंट सुजलेला गाल धरून आत आला.

"छे छे, एक सूरही कापू नका डॉक्टर," तो कळवळून म्हणाला. "फार सुंदर झालीय हो! माझी फक्त ऐकायची राहिलीय."