भर दुपारचे काजवे

वाचकहो, एका गर्भवतीच्या प्राणावर आलेल्या संकटाची हकीकत सादर निवेदन करतो.

डोहाळजेवणाच्या पाटावर सून उद्गारली, "आत्याबाई, भर दुपारी एवढे काजवे कुठून आले?" बायका खिदळल्या, "न्यारेच गं डोहाळे हिचे!"

सासू द्वारकाबाईंच्या हातून ओटीचा नारळ निसटला. तीस वर्षांपूर्वी "द्वारकावैनी, किती काजवे!" असे त्यांची गरोदर नणंद म्हणाली होती, घरच्यांनी मांत्रिक बोलावला आणि झटके येऊन ती सायंकाळी निवर्तली.

"आधी रिक्षा आणा!" द्वारकाबाई गरजल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भडकलेला रक्तदाब पाहून तत्काळ शस्त्रक्रिया केली. बाळ-बाळंतीण वाचली.

शुद्धीवर येताच सून पुटपुटली, "आत्याबाई, हिरव्या लुगड्यातली एक बाई सगळे काजवे पदरात वेचून घेऊन गेली. म्हणाली, 'द्वारकावैनी, या खेपेला वेळेत आणलंत.'"

वाचकांचे आभार मानून, आपला नम्र, भिकाजी सखाराम गुरव.