पिवळे बाण

शहरालगतच्या अभयारण्यातल्या नव्या पायवाटेवरचे पिवळे बाण तिनेच दगडादगडांवर रंगवले होते. “नवखा माणूस रस्ता न चुकता फाटकापर्यंत आला, तरच उद्या वाट उघडू,” वनअधिकारी म्हणाले. तिने मुद्दाम नवऱ्यालाच पाठवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही हरवणारा माणूस! हा पोचला, तर कुणीही पोचेल. “बाण दिसला की हात लावायचा, मगच पुढे,” असं दहादा बजावलं. फाटकाशी येरझाऱ्या घालताना तिचा जीव टांगणीला लागला होता. एवढ्यात झाडीतून शीळ आली, मागोमाग तो. “पोचलो गं!” वनअधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने धावत जाऊन त्याचे हात धरले. तळवे पिवळेधमक! सकाळी उत्साहाच्या भरात तिनेच बाणांवर पुन्हा रंग चढवला होता. म्हणजे सगळे बाण फिसकटले! तिने कपाळावर हात मारला, कपाळही पिवळं. त्याने हसत फाटकाशी ठेवलेला रंगाचा डबा उचलला. “चल, वाट मी दाखवतो.”