डिलीटने करायचं तरी काय?

“गेलं! परत अख्खं बिल गेलं!” यामिनी खुर्चीतून उडालीच. गिऱ्हाइकाच्या नावातलं एकच चुकलेलं अक्षर पुसायला तिने डिलीट दाबलं होतं. क्लासच्या कॉम्प्युटरवर डिलीटने अक्षर पुसलं जायचं. कामतघरच्या या सुताच्या दुकानातल्या दोन्ही जुन्या टर्मिनलवर मात्र डिलीट दाबलं की चालू काम तिथल्या तिथे बंद.

“सांगितलं होतं,” शुभदाआत्या म्हणाली.

“पण बदलू या ना! पुसायला डिलीट, थांबवायला कंट्रोल-सी. एका कमांडचं तर काम.”

“प्रिंटरमध्ये कागद अडकला की थांबवायला एक बोट पुरतं. तुझ्या कंट्रोल-सीला दोन लागतात.”

“दोन लागतात म्हणूनच ते चुकून दाबलं जात नाही! आणि कागद कधीमधी अडकतो गं. चुका आपण दिवसभर करतो.”

“तू करतेस.”

बाहेर टेम्पोवाला बिलासाठी हॉर्नवर हॉर्न मारत होता. शेजारच्या लूमने टेबल थरथरत होतं. गल्ल्यावर पप्पा बसून सगळं ऐकत होते. आज त्यांच्यासमोर जिंकायचंच होतं. दहावीनंतर तिला ठाण्याला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला जायचं होतं, आणि पप्पांचा एकच प्रश्न : तुला झेपेल का? वर आत्या रोज त्यांना ऐकवायची, “हिला अजून काही येत नाही. शिकू दे तिला.” त्या वाक्याचा यामिनीला असा राग यायचा!

तिने कीबोर्ड ओढला. कमांड मारली. मुद्दाम नाव चुकवलं, डिलीटने पुसलं, नीट लिहिलं. बिल छापायला सोडलं, मध्येच कंट्रोल-सीने थांबवलं, पुन्हा छापलं. टर्रकन फाडून पप्पांच्या हातात दिलं.

“बोला पप्पा, कोणाचं बरोबर?”

“तुझंच,” पप्पा म्हणाले. “आजपासून दोन्ही टर्मिनलवर असंच ठेवायचं.”

यामिनीने टाळीच वाजवली.

“आणि एवढं येतंय तर डिप्लोमा कशाला हवा? दहावी झाली की आत्याच्या खुर्चीत तूच बस.” बिल घेऊन ते टेम्पोकडे निघालेसुद्धा.

टाळीचे हात तसेच राहिले. “आत्या, तू सांग ना गं त्यांना!”

“मघापासून दुसरं काय करत होते?” आत्या म्हणाली. “मीसुद्धा अशीच जिंकले होते, तुझ्या आजोबांसमोर. तेव्हापासून याच खुर्चीत आहे.”