भिंतीची टेस्ट

‘आधी प्लग काढ, मग चार्ज कर. प्लग लावून टेस्ट घेतलीस तर ती भिंतीची टेस्ट झाली, बॅटरीची नव्हे.’

सहा वर्षांपूर्वी सेतुमाधवमामांनी शांभवीला डिफिब्रिलेटरच्या, म्हणजे बंद पडत्या हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या पेटीसमोर उभं करून हे शिकवलं होतं. मग ते निवृत्त झाले आणि तंजावूरच्या त्या रुग्णालयातल्या सगळ्या पेट्या तिच्याकडे आल्या. आज मामा तिथेच आयसीयूच्या खाटेवर होते, आणि ती चपला काढून दाराशी उभी होती.

“ये की मा. कायला तिथे उभी?” मामांचा आवाज खोल गेला होता. “बघ, छातीला इस्त्री करून ठेवलीये. तीस वर्षं टेस्टसाठी पेटीतल्या रेझिस्टरवर झटके सोडले, काल तो रेझिस्टर मीच झालो.”

ती हसली नाही.

काल दुपारी वॉर्डातून आयसीयूत नेताना वाटेतच मामांचं हृदय नुसतं थरथरू लागलं. सोबतची पेटी बॅटरीवर होती. अलमेलु नर्सनं पॅडल छातीवर ठेवून चार्जचं बटण दाबलं. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावर गेली आणि तिथेच थांबली. आयसीयूतली दुसरी पेटी पळत आणेपर्यंत अलमेलु छाती दाबत राहिली.

“पेटी भरायला किती सेकंद लागले?” मामांनी विचारलं, सांबारात मीठ आहे का विचारावं तसं.

बॅटरी अचानक गेली, असं काल सगळे म्हणाले होते. शांभवीनंही मान हलवली होती.

“भरलीच नाही, मामा.”

“पडद्यावर रेघ होती?”

“होती. स्वच्छ.”

“ती असतेच.” मामा वर्गात बोलावं तसं बोलू लागले. “हृदयाची खूण एवढीशी, एक मिलिव्होल्ट. ती मोठी करून दाखवायला बॅटरीला काय कष्ट? मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा सुंदर रेघ काढते. पण झटक्याची वीज साठवायला कपॅसिटर भरायचा म्हणजे दोन हजार व्होल्ट. तिथे दम कळतो.” त्यांनाच दम लागला. ते थांबले. “सकाळच्या टेस्टमध्ये कसं नाही कळलं?”

शांभवीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मी प्लग काढत नव्हते. अकरा दिवस. पुन्नैनल्लूरला मारियम्मन देवीचा नेम धरलाय, दर्शन झाल्याशिवाय पाणी घेत नाही. तिथून बस मिळून इथे यायला उशीर होतो. प्लग खाली, खाटांच्या मागे... तशीच टेस्ट घ्यायची, ‘ठीक’ लिहायचं, सही करायची.”

नेम कोणासाठी, ते ती बोलली नाही. मामांनी विचारलंही नाही. अकरा दिवसांपूर्वीच त्यांना इथे भरती केलं होतं.

उशाशी मॉनिटर टिकटिकत होता. मामा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सुई टोचलेला हात चादरीवरून थोडा पुढे सरकवला.

“आईला उशीर झाला तर चालतो, मा. ती बॅटरीवर नाही.”

तिला वर बघवेना.

“डॉक्टर रघुराम आले की सांगते त्यांना, सगळं. आणि रोज सगळ्या पेट्या झाल्याशिवाय पाणी घेणार नाही.”

“प्लग काढून.”

“प्लग काढून.”

मामांनी डोळे मिटले.

बाहेर अलमेलु फिल्टर कापीचा टंबलर घेऊन उभी होती. “घ्या अक्का. कालपासून पोटात काही नाही तुमच्या.”

“ठेव. सहा पेट्या आहेत.”

वॉर्डात तिनं टेस्टची वही उघडली. अकरा ओळी, अकरा वेळा ‘ठीक’. प्रत्येकापुढे तिनं लिहिलं, ‘प्लग न काढता’, आणि पुन्हा सही केली. मग पदर खोचून पहिल्या पेटीपाशी गेली आणि खाटेमागे वाकली.

प्लग निघताच पेटीवरचा हिरवा दिवा विझला. तिनं चार्जचं बटण दाबलं आणि ओठातल्या ओठात सेकंद मोजू लागली.