सहा मिलिमीटर

एम्लिनकाका ब्रेड आणायला खाली गावात गेले, तेवढ्यात मी त्यांच्या भिंतीतल्या शेकोटीची जमीन सपाट करून टाकली. त्यांच्या मुलीने कार्डिफहून लाकडावर पेटणारा नवा स्टोव्ह पाठवला होता. त्याचे चार पाय मागच्या कोनाड्यात बसणार होते. पण पुढच्या सिमेंटमध्येही दोन खळगे होते, डावा सहा मिलिमीटर, उजवा चार. पातळ सिमेंट ओतून मी तेही बुजवले. पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध.

काका आले. "झालं का, इंजिनियरसाहेब?"

"एकदम! पुढचा भाग कुण्या अडाण्याने केला होता, काका? दोन खड्डे होते."

"तो अडाणी मीच." काका हसत खाली वाकले आणि तसेच थांबले. "पुढचं कशाला केलंस? स्टोव्ह तर मागे बसणार ना?"

"म्हटलं, सगळंच एका पातळीत आणू."

"लग्नाच्या वर्षी घातलं होतं मी ते सिमेंट. तुझ्या नेरिसकाकूला दम कुठला! ओल्यावरच गुडघे टेकून विस्तव पेटवायला बसली. मग चाळीस वर्षं रोज तिथेच. फेब्रुवारीत तिला पुरलं, तेव्हापासून तिच्या त्या खळग्यांत मी बसतो." त्यांनी बोट टेकवून पाहिलं. "अजून ओलं आहे का रे?"

"नाही, काका. झटपट सुकणारं आहे."

काका गुडघे टेकून बसले. थोडे डावीकडे सरकले, मग थोडे उजवीकडे. कुठेही बसलं तरी सारखंच लागत होतं.