चार मिनिटांची प्रार्थना

दिग्दर्शकाचा देवावर गाढ विश्वास आणि त्याच्या नायकाचा तितकाच गाढ अविश्वास. "हात जोडीन, गुडघेही टेकीन, पण देवबिव मी मानत नाही," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण मित्रांना आणि पाहुण्यांना हाताशी धरून केलेला सिनेमा तो. दुसरा नायक आणणार कुठून?

शेवटचा प्रसंग होता देवावर रुसलेल्या बापाच्या प्रार्थनेचा. कॅमेऱ्याची बॅटरी संपत आलेली, म्हणजे टेक एकच मिळणार. "ॲक्शन!" म्हणून दिग्दर्शकानं डोळे घट्ट मिटले आणि 'एवढा शॉट पार पडू दे रे देवा' असा धावाच सुरू केला. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, तर नायक अजून दगडी फरशीवर गुडघे टेकून! डोळ्यांतून धारा, ओठ पुटपुटतायत. चांगला चार मिनिटांचा शॉट झाला होता. दिग्दर्शकाला गहिवरून आलं. पठ्ठ्याला शेवटी श्रद्धा फुटली म्हणायची!

पहिल्याच खेळाला अख्खं थिएटर मुसमुसलं. दिवे लागल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई रुमालानं डोळे टिपत उभ्या राहिल्या. "असं रडणं काही खोटं नसतं. खरं सांगा, तेव्हा देवाकडे काय मागत होतात हो?"

नायकानं गुडघा चोळत दिग्दर्शकाकडे पाहिलं.

 

"हेच, की बाबा रे, तू खरंच असशील, तर याला डोळे उघडून 'कट' म्हणायची बुद्धी दे!"